अंकाजवळची रेघ : ‘प्राइम’ चिन्ह व भोर-वेल्हें प्रांतींचे कागद

कारीच्या जेधे देशमुखांच्या शकावलींत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयेची शिवजन्माची नोंद आहे. तींत संवत्सर, तिथि, वार व नक्षत्र सांगून झाल्यावर हस्त नक्षत्राच्या घटी १८ व पळें ३१ दिलीं आहेत, आणि त्यालाच लागून ‘गड’ असा एक शब्द येऊन त्यापुढें ५ व पळें ७ असे आंकडे आहेत. लोकमान्य टिळकांनीं ही शकावली १९१६ मध्यें भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारें प्रसिद्ध केली. तेव्हांपासून तिच्यावर झालेल्या चर्चेचा भर साहजिकच शक व तिथि यांवर राहिला. कारण प्रश्न शके १५४९ चा वैशाख कीं शके १५५१ चा फाल्गुन, हा होता. पुढें जोधपूर येथें मिळालेल्या जन्मपत्रिकेनें फाल्गुनाच्या पक्षास दुजोरा दिला. प्रस्तुत लेखाचा विषय तो वाद नव्हे. या दोन लेखांत एकाच जातीचे आंकडे दोन निराळ्या रीतींनीं लिहिले आहेत, आणि त्या रीतींतील अंतर एका उभ्या रेघेपुरतें आहे. त्या रेघेचा विचार येथें कर्तव्य आहे.

जेध्यांच्या लेखकानें ‘पळें’ हा शब्द अक्षरांनीं लिहिला. जोधपूरच्या पत्रिकेंत सूर्योदयापासूनची जन्मवेळ ३०।९ अशी आहे, रवि १०।२३ व लग्न ४।२९ असें आहे. ३० व ९ यांमधील रेघ ‘येथें घटी संपल्या, पुढें पळें’ एवढेंच सांगते. रवीच्या आंकड्यांतील तीच रेघ ‘येथें राशि संपल्या, पुढें अंश’ असें सांगते. रेघ एकच, तिनें तोडलेलीं मानें मात्र भिन्न. ज्योतिष्यास तें सांगावें लागत नाहीं. कोणत्या सदराखालीं कोणतें मान येतें हें त्याच्या हातांत बसलेलें असतें. दंडानें विभागलेले असे आंकडे पंचांगांत, पत्रिकांत व करणग्रंथांच्या पोथ्यांत पानोपानीं आढळतात, आणि त्यांत रेघेस स्वतःचें मूल्य कांहींच नसतें.

याच कामाकरितां युरोपांत जें चिन्ह रूढ झालें, त्यास इंग्रजींत प्राइम म्हणतात. अंकाच्या उजव्या खांद्यावर काढलेली एक बारीक तिरकी रेघ, असें त्याचें स्वरूप. नांवाचें मूळ लॅटिन आहे. अंशाचे साठ भाग केले म्हणजे एकेक भाग हा ‘पहिला बारीक भाग’, आणि त्याचे पुन्हां साठ केले म्हणजे ‘दुसरा बारीक भाग’. यांपैकीं ‘बारीक’ या अर्थाच्या शब्दापासून मिनिट, ‘दुसरा’ या अर्थाच्या शब्दापासून सेकंद, आणि ‘पहिला’ या अर्थाच्या शब्दापासून प्राइम हीं नांवें निघालीं. पहिल्या भागास एक रेघ (′), दुसऱ्यास दोन (″). आपल्याकडील कला व विकला त्या याच.

ज्योतिष्याची रेघ आणि ही रेघ यांत एक महत्त्वाचा भेद आहे, व तो हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस तरी क्षुल्लक वाटूं नये. प्राइमच्या रेघा अंकाची पायरी सांगतात. पानाची डावी कड फाटून ३१″ एवढाच तुकडा हातीं आला, तरी त्या ३१ विकला आहेत हें समजतें. उलट आपल्या पोथीची डावी कड वाळवीनें खाल्ली व ।३१ एवढें शिल्लक राहिलें, तर त्या कला, विकला, अंश कीं पळें, हें त्या तुकड्यावरून ठरत नाहीं. शेजारचें सदर पाहावें लागतें, किंवा गणित करावें लागतें.

अर्थात् युरोपीयांची रेघही एका अर्थास चिकटून राहिलेली नाहीं. ग्रीक लोक अक्षरांचाच अंकांसारखा उपयोग करीत, आणि हें अक्षर नसून अंक आहे असें दाखविण्यास अक्षराच्या खांद्यावर अशीच रेघ देत. इंग्रजी मापांत एक रेघ म्हणजे फूट व दोन म्हणजे इंच. लाग्रांज या फ्रेंच गणितज्ञानें १७९७ च्या आपल्या ग्रंथांत एका फलापासून दुसरें फल काढल्याची खूण म्हणून तीच रेघ वापरली. आमच्या शाळांतून तिला ‘डॅश’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, आणि भूमितीच्या आकृतींत ‘ए’ व ‘ए डॅश’ असे दोन बिंदु ज्यानें काढले नाहींत असा विद्यार्थी विरळा. पण डॅश हें वस्तुतः आडव्या रेघेचें नांव आहे! छापखान्यांनीं तिच्याऐवजीं अवतरणचिन्हाचा खिळा बसविला, आणि टंकलेखनयंत्रानें लोपचिन्ह, अवतरण, फूट व मिनिट या सर्वांस एकच सरळ रेघ दिली.

एवढ्याशा रेघेनें काय होतें, तें आपल्याच मुलखांत पाहतां येईल. भोर गांवाचा अक्षांश सुमारें १८°१०′ उत्तर व रेखांश ७३°५१′ पूर्व आहे. नक्कल करतांना रेघ गळली, व पुढील वाचकानें तो आंकडा दशांश समजून १८·१० अंश असा घेतला, तर अक्षांश १८°६′ होतो. चार कलांचा फरक म्हणजे जमिनीवर सात किलोमीटरांहून अधिक. शोधणारा भोरची पेठ सोडून दक्षिणेस रोहिड्याच्या डोंगराकडे जाऊन पोंचेल. जुन्या कोष्टकांवरून टांचणें करणारांकडून हा प्रमाद होणें अगदीं सोपें आहे.

आतां ज्योतिष्याकडून कारकुनाकडे वळूं. भोर व वेल्हें हे दोन तालुके म्हणजे जुन्या बारा मावळांचा गाभाच. भोरच्या बाजूस हिरडस मावळ, रोहिडखोरें, वेळवंडखोरें. वेल्ह्याच्या बाजूस गुंजण मावळ व कानदखोरें. (वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय २०२४ मध्यें झाला, हें संग्राहकांनीं दप्तरांवर चिठ्या लावतांना ध्यानांत ठेवावें.) कारीचे जेधे, हिरडसचे बांदल, उत्रोळीचे खोपडे, गुंजण मावळांतील शिळीमकर, कानदखोऱ्यांतील मरळ हीं देशमुख घराणीं येथलींच, आणि शंकराजी नारायण सचिवापासून १९४८ मध्यें संस्थान विलीन होईपर्यंत पंत सचिवांचा अंमल येथला. या मुलखाचे कागद प्रायः वतनाचे, इनामाचे, गल्ल्याच्या वसुलाचे व हिशेबाचे आहेत, म्हणजेच अंकांनीं भरलेले आहेत. आणि या अंकांजवळ जी उभी रेघ येते, ती ज्योतिष्याच्या रेघेसारखी मुकी नाहीं. तिला किंमत आहे.

कारकुनी पद्धतींत अंकापुढें एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। हा सव्वा, १॥ हा दीड, १॥। हे पावणेदोन, २॥ हे अडीच. पावाच्या पोटांत पुन्हां चार भाग असून ते आडव्या अथवा तिरप्या रेघांनीं दाखवीत. रुपयाच्या हिशेबांत ते आणे. सात रुपये पंधरा आणे लिहावयाचे तर ७॥। लिहून त्यापुढें तीन आडव्या रेघा ओढावयाच्या. चार चोक सोळा या एकाच मेळावर ही सगळी रचना उभी आहे, आणि तीस जास्तींत जास्त तीन उभ्या व तीन आडव्या रेघा पुरतात. मधली एखादी पायरी रिकामी असल्यास ती रिकामी आहे हें दाखविणारी एक वळणदार खूणही असे. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी पाठ करून घेत, त्या या रेघांच्याच घोकण्या होत. म्हणून मराठी कारकून १॥ हें ‘एक व त्यावर दोन रेघा’ असें वाचीत नसे. त्याच्या मुखीं एकदम ‘दीड’ येई.

परंतु पाव कशाचा, हें रेघ सांगत नाहीं. तें मानावर अवलंबून आहे. रुपयाची एक रेघ चार आण्यांची. खंडी वीस मणांची, म्हणून खंडीची एक रेघ पांच मणांची. बारा पायल्यांच्या मणांत एक रेघ म्हणजे तीन पायल्या; सोळा पायल्यांच्या मणांत तीच चार पायल्या होते. भाताच्या मुलखांत हा फरक कांहीं लहान नव्हे. जमिनीकडे पाहिलें तर वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा व एकशें वीस बिघ्यांचा चावर असा हिशेब आहे. तेव्हां बिघ्यापुढील एक रेघ पांच पांडांची, आणि चावरापुढील एक रेघ तीस बिघ्यांची! इनामपत्रांतील ‘चावर १॥’ हे एकशें ऐंशीं बिघे होतात. पूर्णविराम समजून त्या दोन रेघा नकलकारानें सोडून दिल्या, तर साठ बिघे जमीन त्यानें लेखणीच्या एका चुकीनें नाहींशी केली असें होईल. ज्या घराण्यांचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या वतनाच्या वांट्यांवर चालले, त्यांच्या कागदांत अशी रेघ म्हणजेच पुष्कळदां तंट्याचा सगळा विषय असतो.

अडचण येथेंच संपत नाहीं. मोडी लेखकानें हीच दुहेरी रेघ शब्दसंक्षेपासही लाविली आहे. मौ॥ म्हणजे मौजे, मु॥ म्हणजे मुक्काम, रा॥ म्हणजे राजश्री, नि॥ म्हणजे निसबत, सु॥ म्हणजे सुहूर सन. ता॥ हें कोठें तर्फ असतें, कोठें तागायत. म्हणजे अक्षरापुढें ती रेघ ‘शब्द तोडला आहे’ असें सांगते, आणि अंकापुढें ‘अर्धा मिळवा’ असें सांगते. ‘मौ॥ कारी ता॥ रोहिडखोरें पैकीं चावर १॥’ असें एखादें कलम कल्पिलें, तर त्यांत दुहेरी रेघ तीनदां येते. दोनदां ती शब्द तोडते व एकदां साठ बिघे देते. त्याच कागदाच्या माथ्यावर देवतेच्या नांवाच्या दोहों बाजूंस ती केवळ शोभेस्तव किंवा मंगलार्थ आलेली असेल. ग्रीकांची अक्षरावरील रेघ ‘हें अक्षर नव्हे, अंक आहे’ असें म्हणते, आणि आमची अक्षरापुढील रेघ ‘हें अक्षर नव्हे, अख्खा शब्द आहे’ असें म्हणते. दोघांनीं एकमेकांपासून घेतलें असें मानण्याचें कारण नाहीं. लेखणीनें करतां येण्याजोगी सर्वांत स्वस्त खूण रेघ हीच आहे, म्हणून ज्याला त्याला तीच सुचली.

मोडीच्या वळणानें आणखी एक घोंटाळा उत्पन्न होतो. मोडी लिहिणारा आधीं सबंध ओळीभर शिरोरेषा ओढून घेतो व मग तिला अक्षरें टांगीत जातो. शब्दाशब्दांत अंतर बहुधा ठेवीत नाहीं. त्यामुळें शिरोरेषेखालीं लोंबणारी एखादी उभी काठी ही मागल्या अक्षराचा काना कीं मागल्या अंकाचा पाव, हें घाईच्या हस्ताक्षरांत चट्कन कळत नाहीं. छापील साधनग्रंथांत संक्षेपाची व अर्ध्याची रेघ एकाच दंडानें छापलेली असते. त्याचा दोष संपादकांस देणें न्याय्य नाहीं, कारण मूळ लेखकाच्याही मनांत त्या दोन निराळ्या खुणा होत्या असें म्हणवत नाहीं. मात्र अलीकडे संगणकावर नकला करणारे कांहीं जण अडीच लिहावयास दोनाच्या पुढें काना दोनदां टंकतात, हें सोडलें पाहिजे. दिसावयास तें जवळपास दिसतें. पण पुढें शोध घेणाऱ्याच्या किंवा यंत्राच्या दृष्टीनें तो अंक राहत नाहीं, मोडका शब्द होतो. युनिकोडमध्यें पाव, अर्धा, पाऊण व त्यांखालील सोळांश यांच्या खुणा २००९ पासून स्वतंत्र आहेत, आणि २०१४ मध्यें मोडी लिपीस जागा मिळाली तेव्हां तिच्या संक्षेपचिन्हासही दंडाहून वेगळें स्थान मिळालें. प्राइमला तर तेथें अवतरणचिन्हाहून निराळें घर आहेच. म्हणजे जें खिळ्यांच्या छापखान्यास जड जात होतें तें आज सुकर झालें आहे.

याची निकड आतां का, असें कोणी विचारील. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि त्याच सुमारास मण व शेर जाऊन किलोग्रॅम आले. त्याबरोबर या रेघांचा रोजचा व्यवहार संपला. मोडी शिकविणारे वर्ग आज पुष्कळ ठिकाणीं चालतात व त्यांतून चांगले वाचक तयार होतात. पण ते प्रथम अक्षरें शिकतात, आणि रेघा वाचण्याची संवय ज्यांस व्यवहारानें लागली होती ती पिढी आतां सरत आली आहे. अक्षर चुकलें तर वाक्य अडतें व चूक उघडी पडते. रेघ चुकली तर वाक्य जसेंच्या तसें चालतें.

सुदैवानें रेघेची परीक्षा करण्याचें साधन पुष्कळदां त्याच कागदांत असतें. कारकून कलमें लिहून खालीं बेरीज मांडतो. समजा, तीन कलमें २॥, १। व ३॥। अशीं असून खालीं ७॥ आहेत. दुसऱ्या कलमाची रेघ पुसट असल्यामुळें वाचकानें तें नुसतें १ धरलें, तर बेरीज ७। येते, मूळाशीं मेळ बसत नाहीं व कोठें तरी एक पाव हरवला आहे हें कळतें. म्हणून हिशेबी कागदाची बेरीज स्वतः करून पाहिल्यावांचून त्याची नक्कल पुरी झाली असें समजूं नये.

ज्योतिषाच्या आंकड्यांस हीच परीक्षा गणितानें लावतां येते, आणि जेधे शकावलींतील तो ‘गड’ शब्द तिला चांगला उतरतो. गडकोटांच्या मुलखांतील कागद, तेव्हां ‘गड’ वाचून कोणासही किल्लाच आठवेल. परंतु नक्षत्राच्या घटिपळांनंतर पंचांगाच्या क्रमानें योग यावयास हवा. सत्तावीस योगांत दहावा गंड आहे. मूळ लेखकानें किंवा नकलकारानें अनुस्वार गाळला म्हणजे गंडाचा गड होतो. आतां गणित पाहा. हस्त हें तेरावें नक्षत्र, तें संपतें तेव्हां चंद्राचा भोग १७३°२०′ असतो. शकावली म्हणते कीं, तें १८ घटी ३१ पळांस संपलें. रवि जोधपूरच्या पत्रिकेप्रमाणें १०।२३, म्हणजे सुमारें ३२३°. दोहोंची बेरीज करून ३६०° वजा केले तर सुमारें १३६°२०′ उरतात. गंड योग बेरीज १३३°२०′ होते तेव्हां संपतो, म्हणजे तीन अंश आधीं. ही बेरीज दिवसास सुमारें चौदा अंश वाढते, तेव्हां तीन अंशांस सुमारें तेरा घटी लागतात. अठरा घटी ३१ पळांतून तेरा घटी वजा केल्या तर गंडाची समाप्ति साडेपांच घटींच्या आसपास येते. आणि शकावलींत आंकडे आहेत ५ व ७. रवि आपण पुऱ्या अंशांतच धरला, हें लक्षांत घेतां याहून जवळचा मेळ अपेक्षितां येणार नाहीं.

एक टिंब गळलें होतें तें यानें परत मिळालें, हा एक लाभ. दुसरा लाभ असा कीं, कारीचा लेख व शेंकडों कोस दूरची पत्रिका हे दोन लेख परस्परांस न विचारतां एकाच दिवसाचें आकाश सांगतात, असें ठरतें. लग्नाचा आंकडाही हेंच सांगतो. रवि कुंभेच्या तेविसाव्या अंशावर असतां सूर्यास्तीं सिंहेचा तेविसावा अंश उगवतो. पत्रिकेंतील लग्न ४।२९, म्हणजे त्यापुढें सहा अंश, अर्थात् सूर्यास्तानंतर सुमारें एक घटी. त्या ऋतूंत दिनमान तीस घटींहून किंचित् कमी असतें, व जन्मवेळ ३०।९ दिली आहे. इंग्रजी तारखेनें हा दिवस १९ फेब्रुवारी १६३० असा लिहितात, तो जुन्या जूलियन गणनेचा आहे. ग्रेगरी गणनेनें तो १ मार्च येतो, व वार दोहोंकडे शुक्रवारच राहतो. रवि कुंभेच्या तेविसाव्या अंशाशीं कां, तर यामुळेंच. १९ फेब्रुवारी ही ग्रेगरी तारीख समजून गणित करणाऱ्यास रवि दहा अंश मागें सांपडेल आणि तो पत्रिकेसच खोटें ठरवील.

हीच ३०।९ कारकुनाच्या डोळ्यांनीं वाचली तर ‘सवातीस’ व पुढें एक निराधार नऊ, असें होतें; आणि आजच्या शाळेंत शिकलेला ती तीस दशांश नऊ वाचील. पहिल्यानें सवातीस घटी म्हटल्या तर १५ पळें होतात, दुसऱ्याच्या वाचनानें ५४ पळें होतात, व खरीं पळें ९ आहेत.

तेव्हां नकला करतांना पुढील रीत ठेवणें सोयीचें पडेल. कागद हिशेबाचा कीं ज्योतिषाचा हें आरंभींच नोंदावें. मूळांतील रेघ जशी असेल तशी ठेवावी, तिचें परस्पर दशांशांत किंवा विरामांत रूपांतर करूं नये, आणि पहिल्या वेळीं कंसांत ती अक्षरांनीं फोडावी : चावर १॥ (दीड), घटी ३०।९ (तीस घटी नऊ पळें). रेघ संशयित असेल तेथें प्रश्नचिन्ह द्यावें व बेरजेचा मेळ बसतो कीं नाहीं तें लिहावें. जेध्यांच्या लेखकानें ‘पळें’ हा शब्द अक्षरांनीं लिहून हेंच केलें होतें. पुढील आंकड्यांपाशीं मात्र त्यानें ‘घटी’ हा शब्द सोडला, आणि तेथेंच वाचक अडला.